पेटंटचं काम फक्त वकिलांचं नाही

संपादक महोदय,

तुमच्या करिअर पुरवणीत पेटंटवर लेख आला ते बरंच झालं, पण त्यात 'एलएलबी झाल्यावर या क्षेत्राकडे वळता येतं' असं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. मी पुण्यात औषधं आणि बायोटेकचीच पेटंटं बघतो. पेटंट एजंटची, म्हणजे लोकांचे पेटंटचे अर्ज लिहून पेटंट ऑफिसपुढे मांडणाऱ्याची, परीक्षा द्यायला कायद्याची नाही, सायन्स किंवा इंजिनिअरिंगची डिग्री लागते. नुसत्या एलएलबीवर तिला बसताच येत नाही! एमएस्सी मायक्रो करून 'आता पुढे काय' म्हणत बसलेल्या पोरापोरींना हे कुणी सांगतच नाही. वकिली लागते ती कोर्टात उभं राहायला, आणि २०२१ मध्ये पेटंटच्या अपिलांचं ट्रिब्युनल बंद होऊन प्रकरणं हायकोर्टात जायला लागल्यापासून तिचा उपयोग वाढलाय हे खरं, पण ती नंतर करता येते.

दुसरं म्हणजे हे नुसतं फॉर्म भरायचं काम नाही हो. टीबीवरच्या बेडाक्विलिन या औषधाचं बघा. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं, कंपनीने त्याच औषधाच्या एका सॉल्टवर (क्षार-रूपावर) वेगळा अर्ज टाकलेला, तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी आणखी चार वर्षं, २०२७ पर्यंत. त्याला विरोध केला मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी, दोघींनीही टीबी भोगलेला, उपचारांत दोघींचं ऐकू येणं गेलेलं. मार्च २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला. आता तो सॉल्ट बनवणं त्या विषयातल्या माणसाला सहज सुचलं असतं की नाही, जुन्या औषधाच्या नव्या रूपाला परिणाम वाढला तरच पेटंट देणारं कलम ३(डी) लागतं की नाही, हे भांडायला केमिस्ट्रीच यावी लागते, तिथे नुसती कलमं पाठ असून भागत नाही.

रोजचं काम मात्र एवढं भारी नसतं. एखादे प्रोफेसर उत्साहाने येतात, सगळा डेटा चोख, आणि मग कळतं की पेपर आधीच छापून झालाय! प्रमोशनसाठी पेपर लागतो, त्यामुळे दोष तरी कुणाला द्यायचा, पण एकदा छापलं की नावीन्य गेलं, आधी छापूनही पेटंट मिळायची आपल्याकडची सवलत फारच मोजक्या बाबतीत मिळते. नाहीतर सह्याद्रीतल्या वनस्पतीवर काम झालेलं असतं आणि त्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं हे कुणाच्या गावीच नसतं, मग अर्ज तिथेच अडकून पडतो. कॉलेजात एक माणूस जरी हे समजणारा असला ना तरी निम्मी डोकेदुखी कमी होईल.

आणि हो, पगार चांगला वगैरे लेखात आहे ते ठीक, पण परीक्षेचं वेळापत्रक बेभरवशाचं आहे हेही लिहायला हवं होतं. २०१८ नंतर थेट २०२३ मध्ये झाली. मधल्या काळात कॉलेजातून पास झालेल्या मुलांनी फर्ममध्ये ड्राफ्टिंग केलं पण एजंट म्हणून सही करता येईना, काहींनी कंटाळून फील्डच सोडलं. तेव्हा परीक्षेची पुढची जाहिरात निघाली की कृपया ती ठळक छापा, पुरवणीत नको, मुख्य अंकात.

– एक पेटंट एजंट, पुणे