माया सोडून शिवलेला फ्रॉक

आजी,

वर्गात सगळ्यांसमोर मी तुम्हाला 'मॅम' म्हणत होते. मनात मात्र तुम्ही पिशवी सावरत दारातून आत आलात तेव्हापासून आजीच म्हणतेय. हे पत्र मराठीत आहे, तुम्हाला वाचता येणार नाही. शनिवारी येऊन इंग्रजीत वाचून दाखवीन. एका शब्दाशी अडेन, ते पुढे सांगते.

अमेरिकेतल्या महामंदीचा आणि दुसऱ्या महायुद्धाचा काळ मुलांना जवळून कळावा, म्हणून तुमच्याआधी मी तीन दारं ठोठावली होती. एका संग्रहालयाने फॉर्म भरून घेतला आणि दोन महिन्यांनी कळवलं की वस्तू बाहेर देता येत नाहीत. मुलांना आणा, पण काचेला हात लावू देऊ नका. एका अभ्यासक गृहस्थांनी तासभर स्लाइड दाखवल्या. 1929ची शेअर बाजाराची पडझड, 1933 साली दर चौघांत एक बेकार, मग रूझवेल्ट, मग पर्ल हार्बर. सगळं बरोबर होतं आणि माझी आठवीची मुलं टेबलावर डोकं टेकून झोपली होती. तिसऱ्यांनी तर फोनही उचलला नाही. खरं सांगायचं तर मीही इतकी वर्षं तसंच शिकवत आले. दहा वर्षांपूर्वी साताऱ्याहून कॅन्ससला आलेल्या बाईने इथल्याच मुलांना इथलाच इतिहास शिकवायचा, मग आकड्यांना धरून राहिलेलं बरं वाटतं. आकडा चुकला नाही की कुणी बोट ठेवत नाही.

तुम्ही पिशवीतून पहिल्यांदा काढलात तो फ्रॉक. निळी फुलं, मध्ये पिवळे ठिपके. पुढच्या बाकावरचा मुलगा पटकन म्हणाला, "तेव्हा रंग होते?" वर्ग हसला, पण तो थट्टा करत नव्हता. मंदी म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर डोरोथिया लँगने 1936 साली काढलेला त्या स्थलांतरित आईचा फोटो, आणि तो काळापांढरा. तुम्ही हसला नाहीत. हे कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं आहे म्हणालात. बाया पोत्यांचे कपडे शिवतात हे कळल्यावर कारखानदार पोत्यांवर फुलं छापायला लागले. वडील खाद्य आणायला निघाले की आई मागून ओरडायची, मागच्या वेळचंच फूल आणा, बाह्या राहिल्यात.

मग 1943चा पोलादी सेंट निघाला. तांबं दारूगोळ्याला गेलं, म्हणून नाणं पोलादाचं. तो लोहचुंबकाला चिकटवून बघायला मुलांची झुंबड उडाली. मग तुमच्या धाकट्या भावाचं 1942चं रेशनबुक, त्यावर त्याचं वय, उंची, वजन. तान्ह्या बाळाच्या नावावरही साखर! माणशी आठवड्याला अर्धा पौंड. लढाई 1945 साली संपली तरी साखरेचं रेशन 1947पर्यंत चाललं, हे मुलांना पटेना. मला लगेच पटलं. आमच्याकडे रेशनकार्ड घरातल्या देवांच्या फोटोमागे ठेवायचे.

तुमची एक सवय मी उचलणार आहे. 14 एप्रिल 1935च्या काळ्या रविवारी धुळीचा डोंगर आला, खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या, ताटं टेबलावर पालथी मांडली, हे सांगून लगेच म्हणालात, "यातलं मला काही आठवत नाही, मी दोन वर्षांची होते. हे आईने सांगितलेलं." पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं. इतिहासाच्या बाईला हे ब्याण्णव वर्षांच्या बाईकडून शिकावं लागलं.

आणि तो प्रश्न. सीमेपलीकडे कोलोरॅडोत ग्रॅनडाजवळ अमाची नावाची छावणी होती. युद्धात सरकारने जपानी वंशाची सात हजारांवर माणसं तिथे काटेरी तारेमागे डांबली होती, त्यातली बहुतेक अमेरिकेचीच नागरिक. एका मुलाने विचारलं, तुम्ही तिथून जवळच राहत होतात, तुम्हाला माहीत होतं का? माझ्या पोटात गोळा आला. पाहुण्यांना असं विचारतात का, म्हणून मी त्याला गप्प करणार होते. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. "माहीत होतं. मी नऊ वर्षांची होते," म्हणालात. मग थोडं थांबून, "पण माझी आई नऊ वर्षांची नव्हती." पुढे सारवासारव नाही की रडणं नाही.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही.

फ्रॉक मुलांच्या हातात देऊन तुम्ही त्याचा घेर उलटा केलात. आत तीन जुन्या घड्या, एकीखाली एक. प्रत्येक घडीशी कापड जरा जास्त निळं. "ही सहा वर्षांची मी, ही सातची, ही आठची." मागच्या बाकावर एक मुलगी आहे, वर्षभर काही बोलली नाही. तिच्या जीन्सचा पाय खालून उसवून लांब केलेला, जुन्या दुमडीची पांढरी रेघ उठलेली. ती रेघ झाकायला ती पाय नेहमी बाकाखाली घेऊन बसते. त्या दिवशी तिने काही न बोलता पाय पुढे केला.

तुम्ही काठी बाजूला ठेवलीत, वाकलात, चष्मा वर करून ती शिवण बोटाने चाचपलीत. "टाका बारीक आहे. कुणी घातला?"

"आईने."

"हात चांगला आहे तिचा. माझ्या आईचा एवढा बारीक नव्हता." आणि फ्रॉकची शिवण तिच्या पायाशेजारी धरून दाखवलीत. खरंच नव्हता.

इतकंच. कीव नाही, 'हिंमत ठेव बाळा' नाही. एका शिवणाऱ्या बाईने दुसरीच्या कामाला दिलेली दाद. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर थांबून मला विचारलं, रेशनबुकातली कूपनं हरवली तर काय करायचे? आठ महिन्यांतला तिचा पहिला प्रश्न.

आता तो अडणारा शब्द. शिवताना आत जास्तीचं कापड सोडतात, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून, त्याला आम्ही माया म्हणतो. माझी आई शिंप्याला बजावायची, पोरगी वाढतेय, माया भरपूर ठेवा. इंग्रजीत तुम्ही त्याला अलाउन्स म्हणता. तो हिशेबाचा शब्द झाला. शनिवारी तुमच्यापुढे मी त्याचं काय करणार आहे कोण जाणे.

फ्रॉक माझ्याकडेच राहिलाय, इस्त्री न करता तसाच घडी घालून आणते. सोबत पुरणपोळ्या आहेत. तुमच्या भावाचं कूपन लागणार नाही, गुळाच्या आहेत.