पिशवी काढली, बीजकोशांचे काय?

महोदय,

रजोनिवृत्तीनंतरचे हार्मोन उपचार आणि हृदयविकार यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. 2002 साली अमेरिकेतला मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला आणि डॉक्टरांसकट सगळ्यांनी धसका घेतला, हे त्यात आले आहे. अभ्यासातल्या बायकांचे सरासरी वय 63 होते, हे मात्र राहून गेले. हार्मोन घेणाऱ्या दर 10 हजार बायकांमागे वर्षाला हृदयविकाराचे 7 आणि पक्षाघाताचे 8 रुग्ण जास्त आढळले. तेवढ्यावरून चाळिशीतल्या बाईला घाबरवणे बरोबर नाही. नुसते हृदय सांभाळायला म्हणून साठीनंतर हार्मोन सुरू करू नयेत, हेही तितकेच खरे.

पण आमच्या बीड जिल्ह्यात बायका साठीची वाट कुठे बघतात? 2019 च्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड कामगार महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. बऱ्याच जणी ऐन तिशी-चाळिशीतल्या. पाळीच्या त्रासाने खाडा झाला की पैसे कापले जातात, मुकादमाची उचल फिटायची असते. त्यावर विधिमंडळात गाजावाजा झाला, समितीही नेमली गेली. पुढे या बायकांच्या हृदयाचे काय होणार, हे कुणी विचारले नाही.

पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही (अंडाशय) काढले, तर शरीरातले इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम तुटते आणि कमी वयातच हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा बाईला स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार असे काही नसेल, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे, असेच तज्ज्ञ सांगतात. गर्भाशयच नसल्याने सोबत प्रोजेस्टेरॉनही सहसा लागत नाही. आमच्याकडे मात्र कॅल्शियमच्या गोळ्यांवर बोळवण होते.

मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. बायका प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली फाइल दाखवायच्या. सोनोग्राफीचा कागद असायचा, बिलांची चळत असायची. बीजकोश ठेवले की काढले, हे डिस्चार्ज कार्डावर अनेकदा नसायचेच. बाईला विचारावे तर, "सगळंच काढलं म्हणाले."

आरोग्य खात्याने डिस्चार्ज कार्डावर ही नोंद सक्तीची करावी. कारखाना सुरू होण्याआधी गावोगावी तपासणी होते, तेव्हा या बायकांचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल बघावे. बीजकोश काढलेल्या चाळिशीच्या आतल्या बाईला जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. यासाठी नवी समिती लागत नाही.

– एक वाचक, अंबाजोगाई