करवंट्यांचे पोते कोणाला द्यायचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मी जिन्याखाली एक पोते ठेवले होते. मोदकांसाठी नारळ खवून झाले की करवंट्या त्यात टाका, असे घरोघर सांगून आले. पाचव्या दिवशी पोते तोंडापर्यंत भरले. विसर्जनानंतर ते घेणारा शोधला, कोणी मिळाला नाही आणि शेवटी पोते कचऱ्यात गेले. मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे. काय वाया जाते आहे हे कळत असल्यामुळे मला फार वाईट वाटले.

करवंटी उघड्यावर जाळली की धूर आणि राख. तीच बंद भट्टीत, हवा लागू न देता पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवली की शंभर किलोंमागे पंचवीस-तीस किलो कोळसा हाती येतो. हा कोळसा वाफेबरोबर किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर आणखी तापवला की त्याला आतून असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर कोळशाच्या आतल्या भिंतींचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या वर जाते. मुंबईच्या हिशेबाने सांगायचे तर वीस-बावीस वन बीएचके! घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तो बहुधा हाच करवंटीचा कोळसा. छिद्रे एक नॅनोमीटरहून (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहून) लहान असली तर पृथ्वीचे तापमान वाढवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे रेणू त्यांत अडकून बसतात. थोडी ऊब दिली किंवा हवा खेचून घेतली की ते सुटतात आणि कोळसा पुन्हा वापरता येतो.

याचा हिशेबही नीट मांडायला हवा, नाहीतर उगाच आशा लावल्यासारखे होईल. शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये एक किलो चांगला कोळसा दीड-दोनशे ग्रॅम वायू धरतो. कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरात या वायूचे प्रमाण दहा ते पंधरा टक्के असते, तिथे हाच आकडा पन्नास-साठ ग्रॅमवर येतो. स्कूटरमध्ये एक लिटर पेट्रोल जळले की सव्वादोन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे शेजारी ठेवून पाहावे. शिवाय धुरातली वाफही याच छिद्रांत जागा अडवते, म्हणून धूर आधी कोरडा करावा लागतो. आणि पकडलेला वायू पुढे साठवला किंवा वापरला नाही तर सगळी खटपट फुकट. तेव्हा करवंट्यांमुळे मुंबईचा धूर निवळेल असे मी म्हणत नाही. पण कच्चा माल आपल्या दारात आहे, आणि तो शिकण्यासाठी, प्रयोगासाठी तरी वापरावा असे मला मनापासून वाटते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये कार्बन पकडण्याच्या संशोधनासाठी दोन राष्ट्रीय केंद्रे जाहीर केली, त्यांतले एक आपल्या पवईच्या आयआयटीत आहे. मुंबईच्या हवामान आराखड्यात २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे असे वायू जितके सोडू तितकेच काढून घेण्याचे, ध्येय आहे. मग देवळे, उडप्यांची हॉटेले आणि भाजी मंडया इथल्या करवंट्या वेगळ्या गोळा करून पवईला पोहोचवणे इतके अवघड आहे का? पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, अमेरिकेतल्या घराघरांतून पीचच्या बिया आणि अक्रोडाची टरफले गोळा झाली होती. विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांसाठी त्यांचा असाच कोळसा केला गेला.

सुरुवात मात्र वाळलेल्या करवंटीनेच करावी. शहाळी ओली आणि जड. ती वाळवण्यातच इंधन जाईल. त्यांच्या सोडणांचा काथ्या किंवा खत बरे.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी जाळणारे रसायन आहे, आणि तयार कोळसा धुतला की त्या रसायनाचे पाणी उरते. भट्टीतून निघणारा वायूही तिथेच जाळून टाकावा लागतो. ही सोय नसेल तर भट्टी नको, आणि ती माहुल किंवा गोवंडीत तर मुळीच नको. त्या लोकांनी शहराचा धूर आणि कचरा पुष्कळ सोसला आहे. शक्य असेल तिथे वाफेचीच पद्धत वापरावी. ती संथ आहे, पण तिच्यात हे रसायन लागत नाही.

येत्या भाद्रपदात मी जिन्याखाली पुन्हा पोते ठेवणार आहे. शेजारच्या तीन सोसायट्यांनीही ठेवायचे कबूल केले आहे. ती चार पोती कुठे नेऊन द्यायची, एवढे महापालिकेने चतुर्थीच्या आधी सांगावे. पोहोचवायची रिक्षा आम्ही करू.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड (पूर्व)