सापडलं, पण ठेवलं कुठे?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला समुद्री सूक्ष्मजीवांवरचा लेख काल वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपलाच चष्मा बदलायला झालाय. मथळ्यात 'विषाणू', मजकुरात 'जिवाणू' आणि चित्र कासवाचं. एकतीस वर्षं मुलांना हा फरक शिकवला. तीही चुकायची, पण त्यांचे मार्क तरी कापता यायचे.

असो. 'लवकरच बाजारात' हे शब्द लेखात कर्करोगाच्या औषधाबद्दल चार वेळा आले आहेत. ज्या सॅलिनिस्पोरा या समुद्री जिवाणूचं एवढं कौतुक केलंय, त्याची गोष्ट मात्र अर्ध्यावर सोडलीय. कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेतल्या फेनिकल आणि जेन्सन यांना तो बहामाजवळच्या समुद्रतळाच्या गाळात मिळाला. गोड्या पाण्यात केलेल्या मीडियावर, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायच्या खाद्यावर, तो वाढतच नाही, समुद्राचंच पाणी लागतं. त्याच्यापासून मिळालेलं सॅलिनोस्पोरामाइड हे औषधी रसायन 2003 मध्ये प्रसिद्ध झालं, पुढे माणसांवर चाचण्या झाल्या, आणि मेंदूच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत त्याने रुग्णांचं आयुष्य काही वाढलं नाही. वीस वर्षं गेली यात. घरात पेशंट असलेली माणसं तुमची अशी कात्रणं कापून फाइलला लावतात हो, मी पाहिलंय. 'लवकरच' जरा जपून छापा.

पण हे पत्र त्यासाठी नाही. लेखकमहाशयांच्या लेखी 'शोध लागला' म्हणजे वाळूत शिंपला दिसला, उचलला, खिशात टाकला. गाळात नवा जीव मिळणं कठीण आहेच, पण मिळालेला जिवंत ठेवणं, दहा वर्षांनी कोणी मागितला तर तोच काढून देणं, याबद्दल अख्ख्या पानात एक ओळ नाही. यावर माझा एक जुना हिशोब आहे.

2005 साली मी आणि एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी भाट्ये खाडीतल्या खारफुटीच्या मुळांतला चिखल आणत होतो. मीडिया म्हणून स्टार्च केसिन अगरच्या प्लेटा, निम्मं पाणी खाडीचंच. सतराव्या नमुन्यात एक ॲक्टिनोमायसीट, म्हणजे बुरशीसारखा तंतूंनी वाढणारा जिवाणू, आला. वरून खडूच्या भुकटीसारखा पांढरा, प्लेट उलटी केली की विटकरी, आणि झाकण उघडलं की पहिल्या पावसाचा वास. स्टॅफिलोकोकस या रोगजंतूच्या प्लेटवर त्याच्याभोवती रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ पडलं, म्हणजे तेवढ्यात रोगजंतू वाढलाच नाही. मुलीने ती प्लेट खिडकीशी धरून अख्ख्या डिपार्टमेंटला दाखवली. कुपीवर आम्ही लिहिलं, 'भा-17'.

ते लोडशेडिंगचे दिवस. गणपतीच्या सुट्टीआधी परिपत्रक निघालं: वीजबचतीसाठी सर्व विभागांचे मेन स्विच बंद करावेत. सर्व म्हणजे सर्व, डीप फ्रीझरसकट. आठवड्याने येऊन बघतो तर फ्रीझर लख्ख! पाणी बाहेर आलं, वास सुटला, म्हणून कोणी तरी कर्तव्यबुद्धीने ट्रे रिकामे करून फिनाइलने धुऊन ठेवले होते. भा-17 च्या ग्लिसरॉलमध्ये गोठवलेल्या कुप्या आणि शेजारचे स्लँट (तिरप्या अगरवर तो वाढवलेल्या नळ्या), सगळं कचऱ्यात. नुसतं वितळलं असतं तर काही बिघडत नव्हतं, या जातीचे बीजाणू चिवट असतात, आम्ही त्याला परत उठवलं असतं. वरिष्ठांकडे गेले तर म्हणाले, "मॅडम, खाडी कुठे पळून गेलीय का? पुन्हा आणा चिखल."

आणला की! तीनदा आणला. तीच मुळं, तीच ओहोटी, तोच मीडिया. भा-17 परत आला नाही. मुलीने प्रबंधाचा विषय बदलला. हल्ली ती एका पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये कोलिफॉर्म जिवाणू मोजते.

चूक माझीही होती, कबूल करते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह 1951 पासून आहे. तिथे एक स्लँट पाठवायला हवा होता. 'ओळख पक्की झाली की पाठवू' म्हणत राहिले. इटलीच्या ब्रोत्झूंनी असा वेळ काढला नाही. 1945 साली सार्डिनियात काल्यारीच्या किनाऱ्यावर, गावाचं गटार समुद्राला मिळतं तिथल्या पाण्यात त्यांना एक बुरशी मिळाली. पुढचं काम आपल्याकडे होणार नाही हे दिसल्यावर त्यांनी ती जिवंत बुरशीच ऑक्सफर्डला धाडली. तिच्यातून तिथे सेफॅलोस्पोरिन सी हे प्रतिजैविक वेगळं काढलं गेलं, आणि त्याच घराण्यातलं सेफ्ट्रियाक्झोन आज आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातही टोचतात. शोध ब्रोत्झूंचा खराच, पण ती बुरशी वाटेत मेली असती तर?

आणखी एक. बहामापर्यंत पोचलेल्या लेखाला शेजारचा गोवा कसा दिसला नाही? दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत लक्षद्वीपच्या कुजक्या समुद्री गवतावरच्या एका बुरशीवर काम झालंय, फ्लॅव्होडॉन फ्लॅव्हस तिचं नाव. मळीपासून दारू गाळल्यावर उरणाऱ्या काळपट सांडपाण्याचा रंग ती घालवते. आपल्या साखरपट्ट्यात हे पाणी कोणाला माहीत नाही? पण त्यात कर्करोग नाही, त्यामुळे कासवाच्या चित्राशेजारी जागा मिळाली नसावी.

जाता जाता, समुद्राचा विषय निघालाच आहे म्हणून. आतल्या पानावरचं भरती-ओहोटीचं कोष्टक तुम्ही गेल्या महिन्यापासून गुपचूप बंद केलंत. आम्ही चिखलाला जायचो ते तेच कोष्टक बघून. आमच्या आळीतल्या कालवं काढणाऱ्या बायका अजून शेजाऱ्याच्या अंकात तेच शोधतात. त्या जागी आता राशिभविष्याचा टाइप मोठा झालाय. माझ्या राशीला काल 'जलप्रवासाचा योग' होता. किती वाजता निघायचं तेवढं छापा, म्हणजे झालं.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, रत्नागिरी