बाबांच्या वंशावळीत पणजीचं माहेर

एडिंबरा,
९ ऑक्टोबर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई मधेच रडते, म्हणून पत्र लिहितेय. ड्युट्यांचं पुन्हा सांगत नाही, ते तुम्हाला पाठ झालंय.

आधी आईचे प्रश्न. जेवते, नीट जेवते. व्हिडिओत गाल बसलेले दिसले ते दिव्यामुळे, दिवा बरोब्बर डोक्यावर होता. कुळथाची पिठी अजून शिल्लक आहे. रात्रपाळीहून एकटी येत नाही, केरळची एक सिस्टर सोबत असते आणि बस दारापुढेच थांबते. घरमालकीणबाई चांगल्या आहेत, हे आता शेवटचं सांगतेय.

'सुट्टीच्या दिवशी त्या म्हातारीबरोबर कुठल्या कचेरीत जाऊन बसतेस?' असं बाबांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर जरा लांब आहे, पण बाबांच्याच कामाचं आहे.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला जनरल रजिस्टर हाउस आहे. अख्ख्या स्कॉटलंडच्या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी तिथे बघायला मिळतात. घरमालकीणबाईंना आपल्या पणजोबांचं घराणं शोधायचंय आणि बारीक अक्षर त्यांना दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवते. पैसे देत नाही मी, बाबा. उलट त्याच कॉफी पाजतात.

आता इथली तऱ्हा ऐका. इथे मधलं नाव बापाचं नसतं. ते काहीही असू शकतं, आणि जुन्या घराण्यांत पुष्कळदा ते चक्क एक आडनावच असतं, आईच्या नाहीतर आजीच्या माहेरचं. माझ्या बिल्ल्यावर 'रघुनाथ' वाचून वॉर्डातल्या एकीने विचारलं, 'रघुनाथ म्हणजे तुझ्या आईकडची मंडळी का?' बाबांना आईच्या माहेरी पाठवलं तिने!

नमुना म्हणून स्टीव्हन्सन घ्या, तो कादंबरीकार. १८५० साली याच शहरात जन्मला. पाळण्यातलं नाव रॉबर्ट लुईस बॅलफोर स्टीव्हन्सन. वडिलांचे वडील रॉबर्ट स्टीव्हन्सन, बेल रॉकचं दीपगृह बांधणारे. त्यातला दिवा १८११ साली पेटला. आईचे वडील लुईस बॅलफोर, जवळच्याच कॉलिंटनचे पाद्री. म्हणजे नुसतं नाव उलगडलं तरी दोन्ही आजोबा हाती लागतात आणि आईचं माहेरही. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, असा इथला जुना रिवाज होता. सगळे पाळत नसत, पण शोधणारे तिथूनच सुरुवात करतात. आपल्याकडे तरी वेगळं काय? बाबा रघुनाथ, आजोबा गोविंद, पणजोबा पुन्हा रघुनाथ. फक्त आपल्याकडे आईच्या बाजूचं काही उरत नाही.

बाईंचं घराणं ब्राउन. इथे ब्राउन म्हणजे आपल्याकडे पाटील, किती सापडावेत! पण पणजोबांच्या नावात मधे 'गिलेस्पी' होतं. बाईंना वाटलं, आईचं माहेर. नोंद काढली तर आई निघाली भलत्याच आडनावाची. मी म्हटलं, संपलं. त्या म्हणाल्या, आता एक पिढी मागे जायचं. पणजोबांच्या वडिलांची मृत्यूनोंद काढली. इथल्या मृत्यूनोंदीत मेलेल्याच्या आईचं माहेरचं आडनावही लिहितात, १८५५ पासून. आणि तिथे शाईने लिहिलेलं 'गिलेस्पी'! बाईंनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला.

हे १८५५ साल इथे फार मानाचं. त्या वर्षी सरकारी नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी त्यांनी इतकं काही विचारलं की बाळाच्या जन्मनोंदीत आईबापांची वयं, जन्मगावं, लग्न कधी, कुठे झालं, आधीची मुलं किती, सगळं सापडतं. लिहिणारे इतके वैतागले की पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. ज्यांच्या घरी १८५५ मध्ये पाळणा हलला ते नशीबवान. शिवाय इथल्या बायका लग्नानंतरही कागदोपत्री माहेरच्या आडनावाने राहायच्या. जुन्या थडग्यांवरही तेच आडनाव आणि त्यापुढे 'अमक्याची बायको'.

बाबा लगेच विचारतील, मधलं आडनाव दिसलं की नातं पक्कं का? नाही. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल इथलाच, १८४७ चा. 'ग्रॅहम' त्याला जन्मापासून नव्हतंच. दोघा भावांना मधलं नाव होतं, यालाच नव्हतं, म्हणून हट्ट केला आणि अकराव्या वाढदिवशी मिळवलं. तेही घरोब्यातल्या एका गृहस्थाचं, रक्ताचं नातं काही नाही. कोणी बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं आडनाव ठेवत, कोणी लढाईतल्या सेनापतीचं. १८५७ नंतर इकडे पोरांची नावं हॅवलॉक ठेवली गेली, कानपुरावर नानासाहेबांच्या फौजेशी लढलेला तोच हॅवलॉक. (बाबा, चिडू नका, मी नाही ठेवलं.) आणि लग्नाशिवाय झालेल्या पोराच्या नावात आई कधीकधी बापाचं आडनाव मधे घालून ठेवायची, पुढेमागे कोणी विचारलं तर असावं म्हणून. आई, हे शेजारी वाचून दाखवू नकोस.

आता बाबांची वंशावळ. वारसनोंदीच्या वेळी कार्डशीटवर केलेली. सगळे पुरुष, आणि बायका कंसात, त्याही सासरच्या नावाने. तीन तर नुसत्या लक्ष्मीबाई. आईचंही लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव आहे. मामा अजून तिला कुमुद म्हणतो, त्या कुमुदचा त्या कागदावर पत्ता नाही. आजीचं माहेर तर तुमचं आजोळच, बाबा, मग लिहायला काय हरकत होती? पणजीचं कोणालाच आठवत नाही म्हणता, तर लोखंडी पेटीत आजोबांच्या लग्नातली आहेराची वही आहे, ती काढा. त्यात मामाचा आहेर म्हणून ज्याचं नाव असेल तो पणजीचा भाऊ. त्याचं आडनाव तेच पणजीचं माहेर. आजीने भावांना हक्कसोड लिहून दिलं असेल तर तिकडच्या फेरफारातही तिचं नाव सापडेल. ताईच्या बाळाची पंचाईत नाही. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव येतंच. तिला म्हणावं, दाखला आला की नीट तपासून घे.

पैसे सोमवारी पाठवलेत. पडवीचे वासे बदलून घ्या, वाळवीवर नुसतं औषध मारत बसू नका. दादाने किती दिले ते मला सांगू नका आणि मी किती दिले ते त्याला. दिवाळीला येणं जमत नाही. आजीच्या वर्षश्राद्धालाही नव्हते, आत्या बोलली असणारच. बोलू दे. तिकीट परवडत नाही असं नाही, पण वासे आधी व्हायला हवेत.

आत्याने आणलेल्या चिपळूणच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा वाईट म्हणून नव्हे. इथे ग्लासगोला एकजण आहे, अकोल्याचा, इंजिनीअर. वर्षभर ओळख आहे. बाबा, तुम्ही पहिला जो प्रश्न विचाराल त्याचं उत्तर 'नाही' असं आहे, पण माणूस चांगला आहे, दारू पीत नाही, त्याच्या आईशी मी दोनदा बोलले. लग्न देवरुखातच, आपल्या अंगणात करू. आडनाव मी बदलणार नाही, आणि ताटात तांदूळ असले तरी नाव माझंच लिहायचं. त्याला चालतं. त्याच्या आईने अजून होही म्हटलेलं नाही आणि नाहीही.

आई, रडू नकोस. रविवारी फोन करते, तोवर दोघांत बोलून ठेवा. हे पत्र आत्याच्या हाती लागू देऊ नका.

तुमची,
मनू

ता. क. मामाला फोन कराल तर आधी त्याच्या गुडघ्यांची चौकशी करा, नाहीतर तो काही सांगायचा नाही.