रेकॉर्ड प्रोड्युसर म्हणजे पैसे लावणारा नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन संगीतावर लेख आला त्यात टी बोन बर्नेटला एका ओळीत उरकलंय, तेही नुसतं 'निर्माता' म्हणून, आणि आपल्याकडे निर्माता म्हटलं की पिक्चरला पैसे लावणारा माणूसच डोळ्यासमोर येतो, म्हणून हे पत्र. रेकॉर्ड प्रोड्युसर गाणी निवडतो, वादक जमवतो, कुठलं वाद्य ठेवायचं न् कुठलं काढायचं ते ठरवतो. वाईट वाटलं खरंच.

हा माणूस मुळात गायक-गिटारिस्ट. जन्म 1948 चा, वाढला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला. 1975 मध्ये बॉब डिलनच्या रोलिंग थंडर रिव्ह्यू टूरमध्ये गिटार वाजवली, मग अल्फा बँड हा स्वतःचा ग्रुप, मग सोलो अल्बम, ज्यांचं समीक्षकांनी कौतुक केलं पण खपले काही फारसे नाहीत. प्रोड्युसर म्हणून मात्र लॉस लोबोस हा बँड, गायक एल्व्हिस कॉस्टेलो, 1993 चा काउंटिंग क्रोज या रॉक बँडचा पहिला अल्बम, अशी कामं येत गेली.

आणि 2000 साली दिग्दर्शक कोएन बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा सिनेमा, त्याच्या गाण्यांचा अल्बम बर्नेटने केला. यातली गाणी शूटिंगच्या आधीच रेकॉर्ड झाली होती. 'ओ डेथ' बर्नेटला बँजोवर हवं होतं, पण ते गाणारे बुजुर्ग गायक-बँजोवादक राल्फ स्टॅन्ली म्हणाले बँजो नको, मी चर्चमध्ये म्हणतात तसं नुसतं म्हणून दाखवतो, आणि बर्नेटने लगेच ते मान्य केलं. माझ्या मते स्वतः माइकसमोर उभा राहिलेला माणूसच इतक्या पटकन आपला हट्ट सोडू शकतो. त्या गाण्याला स्टॅन्लींना पंचाहत्तरीत ग्रॅमी मिळालं, अल्बमला 2002 चं अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी, आणि एकट्या अमेरिकेत 80 लाखांवर कॉप्या गेल्या!

त्याच अल्बमचं पहिलं गाणं 1959 मध्ये लोकगीतं जमवणाऱ्या अ‍ॅलन लोमॅक्सने मिसिसिपीच्या तुरुंगात कैद्यांकडून रेकॉर्ड केलेलं, लाकडं तोडता तोडता गायलेलं. अल्बम गाजल्यावर लोमॅक्सच्या आर्काइव्हवाल्यांनी त्यातला मुख्य गायक जेम्स कार्टर शिकागोत शोधून काढला आणि 20 हजार डॉलरचा चेक हातात दिला, आपण हे गाणं गायलो होतो हे त्याला आठवतही नव्हतं. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं.

रॉबर्ट प्लांट आणि गायिका अ‍ॅलिसन क्रॉसच्या 'रेझिंग सँड'ला 2009 मध्ये परत अल्बम ऑफ द इयर, तोही यानेच केलेला. प्लांटसारखा लेड झेपलिन या दणदणीत रॉक बँडचा गायक त्यात किती हळू आवाजात गातो ते एकदा हेडफोन लावून ऐकाच.

2024 मध्ये, वयाच्या 76 व्या वर्षी, 'दि अदर साइड' हा अल्बम त्याने स्वतः गाऊन काढला आणि जानेवारी 2025 मध्ये बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टारचा कंट्री (म्हणजे तिकडच्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांचा) अल्बम आला त्याचाही प्रोड्युसर हाच. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा त्याला निदान एक परिच्छेद द्या एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक