रबराने खोडलेल्या एका आकड्याबद्दल आभार

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी भौतिकशास्त्र, भूविज्ञान आणि अभियांत्रिकी डिझाइन या तिन्ही प्रारंभिक विषयांची प्रात्यक्षिके आमच्या तुकडीला आपणच घेत होता. आज मी स्वतः पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिके घेतो आणि आठवड्यातून एकदा तरी कोणाच्या तरी जर्नलमध्ये रबराने घासलेली जागा मला दिसते. तशी जागा माझ्याही जर्नलमध्ये होती. तिच्यासाठी आपले आभार मानायचे राहून गेले होते, ते आज जाहीरपणे मानत आहे.

साध्या लंबकाच्या प्रयोगात माझे गुरुत्वत्वरण ९.५८ आले होते. पुस्तकात ९.८१ होते, म्हणून मी माझा आकडा खोडून तिथे ९.७९ लिहिला, नेमके ९.८१ लिहिले तर संशय येईल, एवढी हुशारी तेव्हाही होती. आपण जर्नल खिडकीच्या उजेडात तिरके धरले, कागदावर उमटून राहिलेला जुना आकडा मोठ्याने वाचला आणि रागावण्याऐवजी तो का आला असेल, एवढेच विचारले. स्टॉपवॉच दाबताना हाताला वेळ लागतो, असे ठरावीक उत्तर मी दिले. तेव्हा आपण मला समोर बसवून हिशेब करायला लावला. हाताची चूक सेकंदाचा पाचवा भाग धरली तरी ती वीस आंदोलनांत वाटली जाते, म्हणजे एका आंदोलनामागे सेकंदाचा शंभरावा भाग. त्यामुळे गुरुत्वत्वरणात फार तर दीड टक्क्याचा फरक पडेल आणि तोही कधी वर, कधी खाली. माझा फरक सव्वादोन टक्क्यांहून अधिक होता आणि तिन्ही वेळा खालच्याच बाजूला होता.

मग आपण ५०, ६०, ७०, ८० आणि ९० सेंटिमीटर लांबीचे दोरे घेऊन तोच प्रयोग पुन्हा करायला सांगितला आणि आवर्तनकालाच्या, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळाच्या, वर्गाचा लांबीशी आलेख काढून घेतला. रेषा सरळ आली, पण आरंभबिंदूतून गेली नाही. ती मागे वाढवल्यावर लांबीच्या अक्षाला शून्याच्या अलीकडे सुमारे सव्वा सेंटिमीटरवर छेदत होती. आपण काही न बोलता व्यास अचूक मोजण्याचा व्हर्निअर कॅलिपर पुढे सरकवला. गोळ्याचा व्यास २.४ सेंटिमीटर भरला, म्हणजे त्रिज्या १.२. मी लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत न मोजता दोरा जिथे संपतो तिथपर्यंतच मोजत आलो होतो. त्या रेषेच्या चढावरून काढलेले गुरुत्वत्वरण मात्र ९.८ च्या अगदी जवळ आले, कारण प्रत्येक लांबीत सारखीच राहिलेली उणीव चढाला धक्का लावत नाही. जो आकडा मी खोडला होता, त्यात गोळ्याची त्रिज्या दडलेली होती. माझ्या पहिल्या वर्षाच्या शिक्षणातला सर्वांत मौल्यवान तास मी याच तासाला मानतो.

त्याच दिवशी आपण रिशेची हकिकत सांगितली होती. हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १६७२ साली विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला, तेव्हा त्याचे लंबकाचे घड्याळ पॅरिसच्या मानाने रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ बिघडले म्हणून त्याने विषय संपवला नाही. लंबक मंदावला, म्हणजे तिथे गुरुत्व किंचित कमी होते; पुढे पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याची मांडणी करताना न्यूटनने याच नोंदीचा आधार घेतला.

भूविज्ञानाच्या तासाला ग्रॅनाइटचा तुकडा आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलताना माझी घनता पाण्याच्या २.६६ पट आली. इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने १७९८ साली काढलेली संपूर्ण पृथ्वीची सरासरी घनता मात्र ५.४८ पट आहे, हे फळ्यावर पाहून मी तुकडा पुन्हा दोनदा तोलला. या वेळी रबर उचलले नाही, ही माझ्या लेखी प्रगती होती. दोन्ही आकडे बरोबर आहेत, आता त्यांच्यातल्या फरकाचा अर्थ लाव, असे आपण म्हणालात. पायाखालचा खडक इतका हलका असेल, तर खोलवर कुठेतरी सरासरीपेक्षा पुष्कळ जड द्रव्य असलेच पाहिजे, हे मला स्वतःला सुचले. लोहप्रधान गाभ्याविषयी मी शाळेत वाचले होते, पण तो आहे असे का मानायचे, हे त्या दिवसापर्यंत विचारलेच नव्हते.

डिझाइनच्या विषयात आमच्या गटाने आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल केला. हिशेबाने तो २० किलो पेलणार होता; ११ किलोला मोडला. अहवालात आम्ही गोंद कमी पडल्याचे लिहिले. आपण तो अहवाल परत केला आणि मोडलेले तुकडे टेबलावर मूळ क्रमाने मांडायला लावले. एकही सांधा सुटलेला नव्हता. वरच्या दोन्ही दांड्या मात्र मध्यभागी तुटल्या होत्या, आणि चाचणीचे चित्रीकरण हळू गतीने पाहिल्यावर त्या तुटण्याआधी एकाच बाजूला धनुष्यासारख्या वाकलेल्या दिसल्या. आम्ही लाकूड किती दाब सोसते एवढेच पाहिले होते; सडपातळ दांडी त्याच्या कितीतरी आधी बाक घेते आणि तिची आधाराविना असलेली लांबी निम्मी केली तर ती चौपट भार घेऊ शकते, हे गणितज्ञ ऑयलरने मांडलेले गणित आम्हाला पाठ असूनही सुचले नव्हते. वरच्या बाजूला आडव्या आणि तिरप्या काड्या लावून केलेला दुसरा पूल १९ किलोला मोडला. उरलेल्या एका किलोचा शोध घ्यायला आपण आम्हाला आणखी एक आठवडा दिलात, तेव्हा आम्ही मनातून बरेच वैतागलो होतो, हेही आज कबूल करतो.

हे सर्व करायला आपल्याला तासापलीकडचा वेळ द्यावा लागत होता आणि गुणपत्रिकेत त्याची कुठेही नोंद नव्हती. उत्तर जुळले की पूर्ण गुण, ही पद्धतच विद्यार्थ्याच्या हातात रबर देते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. म्हणून माझ्या वर्गात जर्नल पेनानेच लिहायचे असते आणि चुकलेला आकडा खालून वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर मारायची असते. हा नियम कोणाचा, असे मुले विचारतात, तेव्हा मी त्यांना माझे जुने जर्नल दाखवतो. ९.७९ च्या खालचा ९.५८ खिडकीशी तिरका धरला तर अजूनही वाचता येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ विद्यार्थी